पाण्यात नॅनो पावडर टाकली तर जालन्याच्या भट्ट्यांचं वीजबिल कमी होईल का?

जालना म्हटलं की जुनी माणसं लगेच म्हणतात, ‘जालना सोने का पालना’. आज या पाळण्यात सोन्यापेक्षा लोखंड जास्त आहे. एमआयडीसीत भंगाराचे ट्रक आत जातात आणि सळईचे ट्रक बाहेर पडतात. तुमच्या घराच्या स्लॅबमध्ये जी टीएमटी सळई आहे, ती जालन्याची असण्याची शक्यता बऱ्यापैकी आहे.

या धंद्याला दोन गोष्टी भरपूर लागतात, वीज आणि पाणी. वीज महाग पडते म्हणून २०१६ पासून राज्य सरकारने विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातल्या उद्योगांना वीजदरात सवलत सुरू केली. पाण्याचं तर विचारूच नका. २०१२-१३ च्या दुष्काळात सगळ्यात जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत जालना होता.

अशा ठिकाणी कुणी येऊन म्हणालं, की तुमच्या कूलिंगच्या पाण्यात ही चिमूटभर पावडर टाका, पाणी जास्त उष्णता ओढेल आणि ऊर्जा वाचेल, तर कुणाचेही कान टवकारतील. या पावडर घातलेल्या पाण्याला म्हणतात नॅनोफ्लुइड. गेली तीसेक वर्षं जगभरातले इंजिनिअर त्यावर काम करतायत, आपले मराठी संशोधकही त्यात आहेत. इंटरनेटवर तर ‘उष्णता वाहण्याची क्षमता अमुक टक्क्यांनी वाढली’ असे आकडे ढिगाने सापडतात.

मग जालन्यात हे अजून का नाही?

आधी हे आहे काय ते बघू

पाणी उष्णता साठवतं भारी, पण स्वतःतून पुढे सरकवतं हळू. ही उष्णता पुढे सरकवण्याची क्षमता म्हणजे उष्णतावाहकता. पाण्याची उष्णतावाहकता साधारण ०.६ आहे, तांब्याची ४००. रेडिएटरमध्ये जे इथिलिन ग्लायकॉल घालतात त्याची ०.२५, ट्रान्सफॉर्मरमधल्या तेलाची तर ०.१३ च्या आसपास. एकक बाजूला ठेवा, फरक बघा. धातू कुठे आणि द्रव कुठे.

मग साधी कल्पना अशी, की द्रवात धातूचे किंवा धातूच्या ऑक्साइडचे कण मिसळायचे. ही कल्पना नवी नाही. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८७३ मध्येच अशा मिश्रणाचं गणित मांडून ठेवलं होतं. अडचण होती कणांच्या आकाराची. मिलिमीटरच्या किंवा अगदी मायक्रॉनच्या कणांनीही नळ्या घासतात, पंप खराब होतात आणि कण तळाला बसतात.

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या अरगॉन नॅशनल लॅबोरेटरीत काम करणारे कोरियन वंशाचे स्टीफन चोई म्हणाले, कण नॅनो आकाराचे घेऊ. नॅनो म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो आणि हे कण २०-५० नॅनोमीटरचे. कण बुडण्याचा वेग आकाराच्या वर्गावर ठरतो. म्हणजे एक मायक्रॉनचा कण जितक्या वेळात खाली बसेल, त्याच्या हजारपट वेळ ३० नॅनोमीटरच्या कणाला लागेल. त्यात पाण्याचे रेणू त्याला चारही बाजूंनी धक्के देत असतात, त्यामुळे तो तरंगतच राहतो. ‘नॅनोफ्लुइड’ हे नावही चोई यांचंच.

पुढची काही वर्षं म्हणजे नुसता जल्लोष होता. २००१ मध्ये अरगॉनच्याच गटाने इथिलिन ग्लायकॉलमध्ये फक्त ०.३ टक्के तांब्याचे नॅनोकण टाकून उष्णतावाहकता ४० टक्क्यांनी वाढल्याचं सांगितलं. मॅक्सवेलच्या गणिताने ती एक टक्काच वाढायला हवी होती. भारतात आयआयटी मद्रासच्या सरित कुमार दास यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं, की तापमान २१ वरून ५१ अंशांवर नेलं की हा फायदा दोन ते चार पटीने वाढतो. म्हणजे जितकं गरम, तितकं चांगलं. भट्टीवाल्यांना याहून गोड काय ऐकायचं असणार?

तुरटीचा उलटा खेळ

महाराष्ट्रात यावर सातत्याने काम करणाऱ्यांत नागपूरच्या एलआयटीतले डॉ. भारत भानवसे यांचं नाव घ्यावं लागतं. वारंगळच्या एनआयटीतले डॉ. शिरीष सोनवणे यांच्यासोबत त्यांनी या विषयावर बरेच शोधनिबंध लिहिलेत. २०१४ च्या निबंधात पाणी आणि इथिलिन ग्लायकॉलच्या मिश्रणात टायटॅनियम डायऑक्साइड टाकून, ते वाहत असताना उष्णता किती उचलतं हे तपासलं होतं. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे पांढऱ्या रंगात आणि सनस्क्रीनमध्ये असतं तेच. नंतर पॉलिअ‍ॅनिलिन नावाचं पॉलिमर आणि कॉपर ऑक्साइड यांची जोडी, मग ग्राफिनच्या जातीचा पदार्थ आणि लोहाचं ऑक्साइड यांची जोडी असे प्रयोग झाले. २०२१ मध्ये भानवसे यांचं त्यांच्या सहकारी बराई यांच्यासोबतचं नॅनोफ्लुइडवरचं आख्खं पुस्तकही आलं.

या कामातला खरा कस कुठे लागतो माहितीये? कण टाकण्यात नाही, कण वेगळे ठेवण्यात.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आजी त्यात तुरटी फिरवायची. थोड्या वेळाने गाळ खाली, नितळ पाणी वर. होतं असं, की मातीच्या बारीक कणांवर सारखाच विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना लांब ढकलतात आणि तरंगत राहतात. तुरटी तो भार मारते. मग कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि बसतात.

नॅनोफ्लुइड करणाऱ्याला याच्या बरोबर उलटं हवं असतं. कणांवरचा भार टिकला पाहिजे. त्यासाठी पाण्याचा आम्ल-अल्कली तोल सांभाळतात, साबणाच्या जातीची रसायनं घालतात आणि अल्ट्रासाउंडचा मारा करतात. आवाजाच्या या लहरींनी द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि कणांचे गठ्ठे मोकळे होतात. नागपूर-वारंगळच्या कामात अल्ट्रासाउंडचा हा वापर ठळकपणे दिसतो, कधी कण विखुरण्यासाठी तर कधी कण तयार करतानाच.

आता जालन्याच्या बोअरचं पाणी डोळ्यासमोर आणा. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. हे क्षार तुरटीसारखंच काम करतात, फक्त जरा कमी जोमाने. प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यात महिनाभर टिकलेलं मिश्रण या पाण्यात किती टिकेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

मग २००९ मध्ये हवा थोडी उतरली

जगभरातून इतके वेगवेगळे आकडे येत होते, की अमेरिकेतल्या एमआयटीचे जाकोपो बुओन्जोर्नो यांनी पुढाकार घेऊन एक मोठी तपासणी केली. एकसारखे नमुने तीसहून जास्त संस्थांना पाठवले आणि सगळ्यांना म्हटलं, तुमच्या तुमच्या पद्धतीने मोजा. निकाल २००९ मध्ये छापून आला. उष्णतावाहकता वाढते हे खरं, पण तपासलेल्या नमुन्यांत ती मॅक्सवेलच्या जुन्या गणिताला पुढे वाढवून जो आकडा येतो, साधारण तेवढीच वाढते. जादू सापडली नाही.

ते गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. गोल कण असतील तर आकारमानाने १ टक्का कण टाकल्यावर उष्णतावाहकता सुमारे ३ टक्के वाढते. ४ टक्के टाकले तर १२ टक्के. पण कण वाढले की द्रव दाटही होतो, पंपाला जास्त जोर लावावा लागतो. म्हणजे इकडे कमावलेलं तिकडे पंपाच्या बिलात जाऊ शकतं. एखादा व्हिडिओ ‘४० टक्के वाढ’ म्हणत असेल आणि दाटपणाबद्दल एक शब्द काढत नसेल, तर तो अर्धीच गोष्ट सांगतोय.

आता भट्टीपाशी येऊ

जालन्यातल्या बहुतेक भट्ट्या इंडक्शनच्या. भट्टीभोवती तांब्याच्या पोकळ नळीची कॉइल असते. तिच्यातून हजारो अँपिअर करंट जातो, आतलं भंगार स्वतःच तापतं आणि १,६०० अंशांच्या आसपास वितळतं. करंटमुळे कॉइलही तापते, म्हणून त्याच नळीच्या पोटातून पाणी फिरवतात. हे पाणी थांबलं तर खेळ खल्लास.

एक टन पोलाद वितळवून त्या तापमानाला न्यायला निसर्गनियमाने ३८०-३९० युनिट वीज पुरायला हवी. प्रत्यक्षात लागतात ५५० ते ६५०, कधी त्याहून जास्त. वरची वीज जाते कुठे? त्यातला मोठा वाटा, म्हणजे एकूण विजेच्या २० ते ३० टक्के, कॉइलच्या पाण्यात जातो.

आपण ६०० युनिट आणि २५ टक्के धरू. म्हणजे टनामागे १५० युनिट उष्णता पाण्यात. पाणी १५ अंशांनी तापू द्यायचं ठरवलं तर एका टनासाठी साडेआठ हजार लिटर पाणी कॉइलमधून फिरवावं लागतं. हे पाणी संपत नाही, तेच तेच फिरतं. पण त्याने आणलेली उष्णता शेवटी कूलिंग टॉवरवर पाण्याची वाफ करून हवेत सोडतात आणि ते पाणी मात्र कायमचं जातं. एवढ्या उष्णतेला साधारण २०० लिटरच्या वर पाण्याची वाफ होते. टँकर येणार म्हटलं की दारात मांडून ठेवतात ना, तो निळा ड्रम असतो २०० लिटरचा. एक टन सळईमागे असा एक ड्रम, फक्त कॉइल थंड ठेवायला.

इथेच नॅनोफ्लुइडच्या जाहिरातीतला खटका आहे. कॉइलमध्ये ती १५० युनिट उष्णता तयार होते ती तांब्यातून करंट जातो म्हणून. पाण्याच्या जागी नॅनोफ्लुइड फिरवलं तर ते ही उष्णता जरा जास्त चटकन उचलेल. पण उष्णता तेवढीच राहील. वीजमीटर तेवढाच फिरेल आणि टॉवरवरून तो ड्रमभर पाणी तसंच उडून जाईल. कॉइल थोडी थंड राहिली तर तांब्याचा विरोध किंचित कमी होतो, एवढाच काय तो फायदा. उष्णता चांगली *वाहून नेणं* आणि उष्णता *वाचवणं* या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘ऊर्जा कार्यक्षमता’ हा शब्द दोन्हींना लावला की घोळ होतो.

खर्चाचंही बघा. भट्टीच्या बंद चक्रात १० हजार लिटर पाणी आहे असं धरलं, तर १ टक्का कणांसाठी अ‍ॅल्युमिनाची जवळपास ४०० किलो नॅनो पावडर लागेल. बदल्यात उष्णतावाहकतेत ३ टक्के वाढ. शिवाय अ‍ॅल्युमिना पाण्याइतकी उष्णता साठवू शकत नाही, त्यामुळे दर लिटरमागे वाहून नेण्याची ताकद उलट जराशी घटते.

आणि एक अडचण तर इलेक्ट्रिकची आहे. कॉइलला जोडलेल्या होजमधल्या पाण्यातून करंट गळू नये म्हणून तिथे मुद्दाम क्षार काढलेलं, वीज न वाहणारं पाणी वापरतात. नॅनोफ्लुइडच्या दुनियेतले सगळ्यात चमकदार आकडे येतात तांबं, कार्बन नॅनोट्यूब आणि ग्राफिन यांचे. तिघंही वीज उत्तम वाहतात. म्हणजे तेच इथे चालणार नाहीत. कण टिकवण्यासाठी घातलेली रसायनंही पाण्याची वीज वाहण्याची क्षमता वाढवतात.

हे फक्त बिलाचं प्रकरण नाही. कॉइल फुटून पाणी वितळलेल्या लोखंडाखाली गेलं तर एका लिटरची क्षणात सोळाशे-सतराशे लिटर वाफ होते. ऑगस्ट २०२४ मध्ये जालना एमआयडीसीतल्या एका कारखान्यात भट्टीपाशी स्फोट होऊन कामगार भाजले होते. त्याचा नॅनोफ्लुइडशी काडीचा संबंध नाही. पण भट्टीशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने कॉइलमधलं पाणी ही प्रयोग करून बघायची जागा नाही, एवढं त्यावरून कळावं.

एक मिलिमीटर क्षार

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त चकित करणारं गणित वेगळंच निघालं.

भट्टीचं बंद चक्रातलं पाणी आणि टॉवरचं पाणी यांच्यामध्ये हीट एक्स्चेंजर असतो, बऱ्याचदा पातळ पत्र्यांचा. एका बाजूने गरम, दुसऱ्या बाजूने थंड. टॉवरच्या बाजूला क्षार जमतात, तोच पांढरा थर जो घरी गिझरच्या कॉइलवर बसतो. या थराची उष्णतावाहकता फार तर २. आता १ मिलिमीटर थर उष्णतेला जेवढा अडवतो, तो अडथळा चांगल्या वेगाने वाहणाऱ्या पाण्याच्या अडथळ्यापेक्षा अडीचपट भरतो. नॅनोफ्लुइडने आपण कमी काय करतोय? तर त्या लहान अडथळ्यातले दोन-चार टक्के. आणि तेही एकाच बाजूचे.

म्हणजे ज्या कारखान्यात एक्स्चेंजर वेळेवर साफ होत नाही, तिथे नॅनो पावडर टाकणं म्हणजे फुटक्या माठात वाळा टाकण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट भट्टीच्या तोंडाची. १,६०० अंशांवरचं उघडं पोलाद नुसत्या प्रकाश-उष्णतेच्या रूपात प्रचंड ऊर्जा फेकतं. भौतिकशास्त्राच्या सूत्रात आकडे टाकले तर एका चौरस मीटरमधून तासाला ढोबळमानाने २०० ते ४०० युनिट. झाकण लावलं तर यातलं बरंच वाचतं. शिवाय बिलेट गार होऊ न देता लालभडक असतानाच रोलिंगला नेली तर ती पुन्हा तापवण्याचं इंधन वाचतं. देशातल्या अनेक मिल हे करतातही. यात नॅनो काहीच नाही, म्हणून यावर रील बनत नाही.

सळईवर जे पाण्याचे फवारे मारतात तिथे नॅनोफ्लुइड वापरता येईल का, असंही तुम्ही विचाराल. तापलेल्या धातूवर पाणी उकळतं तेव्हा नॅनोकण खरोखर मोठा फरक पाडतात, २००३ पासून तसे प्रयोग झालेत. पण तिथलं पाणी उघड्यावर असतं. लोखंडाच्या पापुद्र्यांसोबत गाळात जातं. महागडी पावडर दिवसभरात हौदाच्या तळाशी जाऊन बसेल.

मग संशोधन वाया गेलं म्हणायचं?

अजिबात नाही. फक्त जागा चुकवून चालणार नाही.

नॅनोफ्लुइडचा फायदा तिथे, जिथे मूळ द्रवच ढ आहे, जागा कमी आहे आणि चक्र बंद आहे. ट्रान्सफॉर्मरचं तेल हे मस्त उदाहरण. पाण्याच्या पाचव्या हिश्श्याएवढीच उष्णतावाहकता, आणि उन्हाळ्यात जालन्यात पारा चाळिशीच्या पार. १९९८ मध्ये ट्रान्सफॉर्मर तेलात मॅग्नेटाइटचे नॅनोकण टाकून केलेल्या प्रयोगात तर तेलाची विजेचा झटका सोसण्याची ताकदही वाढल्याचं दिसलं होतं. प्रत्येक भट्टीमागे एक भलामोठा ट्रान्सफॉर्मर असतो, हे सांगायला नकोच.

दुसरी जागा सौर ऊर्जेची. साध्या सोलर हीटरमध्ये ऊन आधी काळ्या पत्र्याला तापवतं आणि पत्रा पाण्याला. द्रवातच नॅनोकण असतील तर द्रव थेट ऊन शोषतो. २०१० मधल्या एका अमेरिकन प्रयोगात अशा कलेक्टरची कार्यक्षमता ५ टक्क्यांपर्यंत वाढली. आकडा छोटा वाटेल, पण मोजलेला आहे. लेथ मशीनवर कटिंगच्या जागी थेंबाथेंबाने तेल सोडतात, तिथे आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरी थंड ठेवायलाही यावर काम चाललंय. रेडिएटरचं म्हणाल तर तिथे खरा अडथळा हवेच्या बाजूचा असतो, म्हणून द्रव सुधारून मिळणारा फायदा मर्यादित.

जालन्यासाठी एक बरी गोष्ट म्हणजे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचा, म्हणजे जुन्या यूडीसीटीचा मराठवाडा कॅम्पस २०१८ पासून याच शहरात आहे. केमिकल इंजिनिअरिंग शिकणारी पोरं आणि रोज शेकडो टन लोखंड वितळवणारे कारखाने एकाच गावात. बोअरच्या पाण्यात नॅनोकण किती दिवस टिकतात, हे तपासायला जालन्याहून चांगली जागा कुठली असेल? असे ‘कंटाळवाणे’ प्रयोगच सध्या कमी आहेत. नवीन पावडर बनवल्याचे निबंध भरपूर येतात, एखादं मिश्रण खऱ्या कारखान्यात दोन वर्षं चालवल्याचे फार थोडे.

तोवर कुणी विकायला आलंच, तर त्याला उष्णतावाहकतेचा आकडा विचारू नका, तो तर तो स्वतःच सांगेल. पंपाची वीज किती वाढेल ते विचारा. सहा महिन्यांनी टाकीच्या तळाचा नमुना दाखवायला सांगा. आमच्या पाण्यात चालेल का, हे आमचंच पाणी घेऊन दाखवा म्हणा. पावडर ओतणाऱ्या कामगाराला कुठला मास्क द्यायचा हेही विचारा, कारण टायटॅनियम डायऑक्साइडची धूळ श्वासातून गेल्यास कॅन्सरची शक्यता असल्याचं वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने केलेलं आहे. आणि द्रव बदलायची वेळ आली की जुना द्रव कुठे टाकायचा, हेही लेखी घ्या. नाल्यात सोडला तर तो कुंडलिका नदीत जाणार.